सेवाकार्यातल्या वडीलधाऱ्यांकडून नेमके काय शिकावे आणि पुढच्यांच्या हाती काय द्यावे?

सुदामानगरकर, इंदूर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या भागातील काही मराठी कुटुंबे मिळून, इंदूरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक छोटे काम चालवतात. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन या जिल्ह्यांतून माणसे रुग्णाला घेऊन येतात. रुग्ण भरती झाला की त्याच्याबरोबर आलेल्या दोघातिघांनी कोठे झोपायचे, काय खायचे आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा, हे सांगणारे त्यांना कोणी भेटत नाही. संध्याकाळचे जेवण, रात्रीच्या निवाऱ्याची माहिती आणि पर्ची, आयुष्मान कार्ड, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी-ओळख क्रमांक) अशा कागदांच्या बाबतीत सोबत, एवढेच आमचे काम आहे. हे काम एका निवृत्त परिचारिकेने उभे केले आणि आजवर त्याच चालवत आल्या आहेत. आम्ही सारे त्यांना माई म्हणतो.

दिवाळीनंतर माई मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला जाणार आहेत. नव्या कार्यकर्त्यांसाठी एक टिपण तयार करण्याचे काम मंडळींनी माझ्याकडे सोपवले आहे. लिहायला बसल्यावर असे दिसते की माझ्या हातून माईंचे गुणवर्णनच उतरत आहे. माई कधी रागावत नाहीत, सणावारालाही येतात, प्रत्येकाचे नाव त्यांच्या लक्षात राहते, वगैरे. हे सगळे खरे आहे, पण विशीतल्या मुलाने ते वाचून उद्या संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात जाऊन करायचे काय? स्वभाव शिकवता येत नाही.

कामाची म्हणून वेगळी काढता आली अशी एक गोष्ट मात्र मला सापडली आहे. कोणी मदत मागायला आले की काय हवे, हे माई आधी विचारत नाहीत. बरोबर कोण आले आहे, घरी मुलांजवळ कोण आहे, जनावरांना चारापाणी कोण करते आणि गावाकडची शेवटची बस किती वाजता सुटते, हे त्या आधी विचारतात. पूर्वी मला ही निव्वळ आपुलकीची चौकशी वाटत असे. डॉक्टरांनी आणखी आठ दिवस थांबायला सांगितले असताना माणूस रुग्णाला घेऊन निघून जाईल की थांबेल, हे याच चार उत्तरांवर ठरते, हे पुढे लक्षात आले. घरी लहान मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर असली, तर रुग्णाची आई गंगवाल बसस्थानक गाठणारच. तिला औषधोपचाराचे महत्त्व पटवून काही उपयोग होत नाही, गावातल्या कोणाशी तरी फोनवर बोलून मुलांची व्यवस्था लावून द्यावी लागते.

अशा गोष्टी मला गोळा करायच्या आहेत. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या ज्येष्ठ सेवाभावी व्यक्तीच्या हाताखाली काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की त्यांच्याकडून शिकलेले आणि दुसऱ्याला शिकवता येईल असे काय होते, काय मुद्दाम घेऊ नये असे वाटले, आणि ती व्यक्ती गेल्यावर कामाचे काय झाले.

निवृत्त_फिजिओ

आपला प्रश्न आवडला, कारण गुणवर्णन आणि पद्धत यांतला फरक समजायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून कुष्ठरुग्णांच्या वसाहतींमध्ये जात असे आणि माझे गुरू एक वयस्क डॉक्टर होते. त्यांचे नाव येथे देत नाही, त्यांना ते आवडले नसते.

त्यांना पाहायला येणारे लोक एका गोष्टीने भारावून जात. डॉक्टरसाहेब खुर्चीवर न बसता बुटक्या स्टुलावर बसत, रुग्णाला समोर उंच बसवत आणि त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेत. पाहुणे याला करुणा म्हणत, कोणी छायाचित्र घेत. माझाही पहिल्या दिवशी तोच समज झाला होता. त्यांनी मला शेजारी बसवून सांगितले की तळवा पाहायचा असेल तर तो डोळ्यांसमोर आणि उजेडात यायला हवा, आणि त्यासाठी पाय मांडीवर घेण्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू बाधित झाले की हातापायांची संवेदना जाते. चुलीवरचे भांडे, जळती बिडी, चपलेतून वर आलेला खिळा, काहीच जाणवत नाही. हातपाय झिजतात ते बहुतांशी या न कळलेल्या जखमा चिघळून. म्हणून तळव्यावर लाली कोठे आहे, कोणता भाग इतरांपेक्षा गरम लागतो, घट्ट्याखाली ओल आहे का, हे रोज पाहावे लागते. ज्याला दुखत नाही, त्याला डोळ्यांनीच पाहावे लागते, असे ते रुग्णांना समजावत.

औषधाबद्दल लोकांचे गैरसमज असतात, म्हणून थोडे लिहितो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि तेव्हापासून रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन या औषधांनी हा आजार पूर्ण बरा होतो. उपचार साधारणतः ६ महिने किंवा १२ महिन्यांचा असतो. औषध जंतू मारते, पण पूर्वीच गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. त्यामुळे रोगमुक्त झालेल्या माणसालाही जन्मभर पाय पाण्यात भिजवणे, घट्टे घासणे, तेल लावणे आणि मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल वापरणे सोडता येत नाही. डॉक्टरांच्या हाताखाली माझे सुरुवातीचे बरेच दिवस या चपलांच्या मापांतच गेले. मी कंटाळलो आहे हे त्यांना कळत होते आणि तरीही त्यांनी दुसरे काम दिले नाही. ज्याला चप्पल बरोबर बसवता येत नाही त्याने समुपदेशनाच्या गोष्टी करू नयेत, असे त्यांचे मत होते, आणि ते मला आजही पटते.

बाबा आमटे यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे नेहमी तुळशीरामाची गोष्ट सांगितली जाते. पावसात भिजत पडलेल्या त्या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा आधी भ्यायले आणि त्या भीतीची लाज वाटून ते या कामाकडे वळले, ही गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. परंतु वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहण्याआधी बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेऊन आले होते, हे कोणी भाषणात सांगत नाही. वकिली केलेला माणूस मध्यम वयात पुन्हा विद्यार्थी झाला. माझ्या दृष्टीने नव्या कार्यकर्त्याला सांगण्याजोगा भाग हा आहे. मन हेलावण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यात येतोच असे नाही, शिकायला मात्र कोणालाही बसता येते.

आपल्या टिपणात माईंच्या त्या चार प्रश्नांसारखे आणखी काही सापडले, तर त्यांच्यामागचे कारणही लिहा. कारण न देता पद्धत दिली की दोन वर्षांत तिचा विधी होतो.

झाबुआचा_मास्तर

मी धार आणि झाबुआ जिल्ह्यांत शिक्षक होतो, आता निवृत्तीनंतर इंदुरात लोकमान्यनगरला राहतो. माझे मार्गदर्शक एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते, त्यांना सारे बाबूजी म्हणत. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट धड शिकलो. ती म्हणजे लिहून ठेवणे.

आमच्या भागातील आदिवासी मजूर गुजरातेत गोधरा परिसरातील क्वार्ट्झ दगड दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. त्या दगडाची पिठासारखी बारीक भुकटी हवेत उडत असे. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसाच्या ऊतीत व्रण धरतात, ते कडक होत जाते, आणि काम सोडून गावी परतल्यावरही आजार वाढतच राहतो. तो बरा करणारे औषध नाही. खोकला, धाप आणि वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगासारखी असल्यामुळे कित्येकांना क्षयाचीच औषधे दिली गेली. तरुण माणसे गेली. काही घरांतून नवरा आणि बायको दोघेही गेले.

भरपाई मागायची तर पुरावा हवा, आणि मजुरांजवळ हजेरीची पावती नव्हती, ओळखपत्र नव्हते, मुकादमाचे पूर्ण नावही नव्हते. बाबूजींनी आम्हां मास्तर मंडळींना वह्या दिल्या आणि लिहिण्याची रीत घालून दिली. माणसाला साल विचारायचे नाही. कोणत्या भगोरियानंतर (होळीच्या आधीच्या आदिवासी मेळ्यानंतर) गेलास, परत आलास तेव्हा मक्याची कणसे भरली होती का, मोठी मुलगी तेव्हा चालत होती का, असे विचारायचे. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, भिलीत सांगितले तर भिलीत लिहायचे, आणि आपला अंदाज, म्हणजे साल वगैरे, समासात वेगळ्या शाईने टिपायचा. पुढे कोणी उलटतपासणी केली तर त्याचे बोलणे कोणते आणि आपला तर्क कोणता, हे वेगळे दिसले पाहिजे. तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच कारखाना आणि तोच हंगाम सांगितला की मगच ती नोंद पक्की धरायची.

अशा नोंदी अनेक गावांत अनेक संस्थांनी आणि स्वतः पीडितांनी केल्या, आमच्या वह्या त्यांतलाच एक लहानसा वाटा. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने मृत्यू पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. २३८ हा आकडा वर्तमानपत्रात एका ओळीत येतो. त्यातले प्रत्येक नाव कोणी तरी ओसरीवर बसून उतरवून घेतलेले असते, आणि वडिलांचे नाव किंवा गावाच्या फळियाचे, म्हणजे वस्तीचे, नाव चुकले तर ते नाव यादीतून गळते.

बाबूजींचा दुसरा कटाक्ष असा होता की वही उघडण्याआधी माणसाला सांगायचे की यातून पैसे मिळतील असे वचन मी देत नाही. आम्हांला हे कठोर वाटे. मरणाच्या दारातला माणूस आशेने पाहतो आहे आणि आपण हे सांगायचे! पण खोटी आशा दिली की माणूस आपल्याला हवे ते सांगू लागतो, आणि मग नोंदीची किंमत जाते. शिवाय निकाल लागायला वर्षे लागली, त्या काळात ज्या गावांत कोणी वचने दिली होती तेथे पुढे पाऊल टाकणे अवघड झाले होते.

तुमच्या माईंना प्रत्येकाचे नाव लक्षात राहते म्हणता. त्या लक्षात राहण्याची आधी वही करा.

स्पष्टवक्ती

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडते. प्रश्नकर्त्यांनी काय घेऊ नये हेही विचारले आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे सहसा सगळे टाळतात.

मी एका धर्मादाय न्यासाचे हिशेब पाहते. ज्या ज्येष्ठांनी मला या कामात आणले ते निःस्पृह होते आणि त्यांच्याविषयी मला आजही ममत्व आहे. मात्र त्यांचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. कोणत्या देणगीदाराने कोणत्या हेतूने पैसे दिले, कोणाला पावती दिली, कोणाला उधारीवर औषधे दिली, हे त्यांना तोंडपाठ असे आणि त्याचा त्यांना अभिमानही असे. ते आजारी पडले तेव्हा आम्हांला काहीच सापडेना. कोणी एक पैसाही खाल्लेला नसताना, केवळ कागद नसल्यामुळे चांगल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाण्याची वेळ आली. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हा साधा नियमही कित्येक जुन्या कार्यकर्त्यांना अविश्वासाचा वाटतो. पावती मागणे म्हणजे आपल्या प्रामाणिकपणावर शंका घेणे, असे त्यांचे मत असते. नव्या मुलांनी ही वृत्ती अजिबात घेऊ नये.

दुसरे, विश्रांती न घेणे हा गुण म्हणून सांगितला जातो. आपणही "माई सणावारालाही येतात" असे लिहिले आहे. माई सणाला येत असत तेव्हा त्यांच्या घरी सणाचे कोण करत होते? अशा प्रत्येक कामामागे एक सून, एक बहीण किंवा एक पत्नी असते आणि तिचे नाव कोणत्याही स्मरणिकेत येत नाही. साधनाताई आमटे यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे हा अपवाद आहे. शिवाय नवा कार्यकर्ता नोकरी करणारा असेल, त्याला आठवड्यातून दोनच संध्याकाळी येता येईल, आणि त्याने सतत अपराधी वाटून घेतले तर तो सहा महिन्यांत येणे बंद करेल. पाळ्या लावा.

तिसरे, मार्गदर्शक गेल्यावर काय, हा प्रश्न मार्गदर्शक असतानाच सुटला पाहिजे. बाबा आमटे यांचा उल्लेख वर आला आहे, म्हणून त्यांचेच उदाहरण घेते. १९९० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, पाठीच्या कण्याच्या आजाराने धड बसताही येत नसताना ते आनंदवन सोडून आपल्या शेजारच्या बडवानी जिल्ह्यात, कसरावदला नर्मदेच्या काठी राहायला आले आणि पुढे अनेक वर्षे तेथेच राहिले. त्या काळात आनंदवन बंद पडले नाही. तेथे डॉ. विकास आमटे होते, हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे होते, आणि ज्यांना समाजाने टाकले होते ती माणसे शेती, विणकाम, सुतारकाम स्वतः चालवत होती. नर्मदेच्या आंदोलनाविषयी कोणाचे मत काहीही असो, आपण नसताना काम चालेल अशी व्यवस्था लावून संस्थापकाने जिवंतपणी दूर जावे, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

खंडवा_रोड

स्पष्टवक्ती ताई, आपला शेवटचा मुद्दा मान्य, पण आनंदवनात दुसरी पिढी घरातच होती. ज्या कामाला घराणे नाही त्याने काय करावे?

मी कस्तुरबाग्रामच्या परिसरात लहानाची मोठी झाले, माझी आत्या तेथे शिकलेली ग्रामसेविका होती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले, त्यानंतर देशभरातून जमलेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यास स्थापन झाला आणि त्याची मुख्य कचेरी येथे, इंदूरजवळ आहे. तेथे एका व्यक्तीचे काम पुढे नेण्यापेक्षा सेविका तयार करणे हेच काम होते. बाळंतपण, बालवाडी, स्वच्छता, सूतकताई असे सगळे शिकवून मुलीला खेड्यात राहायला पाठवत. आत्या म्हणत असे की खेड्यात पहिला महिना औषधाची पेटी उघडायची नाही, विहिरीवर पाणी भरायला जायचे. कोणत्या घरातली सून विहिरीवर येत नाही हे ज्या दिवशी कळते, त्या दिवशी काम सुरू होते.

तेव्हा घराणे नसले तरी शिकवण्याची रीत असली तर काम चालते. आपल्या मंडळात माईंनंतरच्या "नव्या माई" शोधू नका.

राजवाडा_चौक

थोडक्यात लिहितो. हे सारे माईंनाच विचारा असे म्हणणार होतो, पण विचारून उपयोग नाही. जाणत्या माणसाला स्वतः काय करतो हे सांगता येत नाही, ते हाताला वळण लागलेले असते. माझ्या आईला पुरणाचे प्रमाण विचारले की ती "अंदाजाने" म्हणत असे, मग बहिणीने शेजारी उभे राहून तिच्या हातातली वाटी मोजली. कोणी तरी आठवडाभर माईंच्या मागे वही घेऊन फिरावे, आणि त्या काय बोलतात यापेक्षा कोणाकडे आधी जातात, कोणाला टाळतात, कोणत्या बाबूशी कोणत्या वेळी बोलतात, हे टिपावे.

सुदामानगरकर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तपशिलाने उत्तरे येतील अशी अपेक्षा नव्हती.

राजवाडा_चौक यांच्या सूचनेप्रमाणे आमच्यातील एक महाविद्यालयीन मुलगी माईंबरोबर वही घेऊन फिरत आहे आणि बऱ्याच गोष्टी हाती लागल्या आहेत. उदाहरणार्थ, माई आवारात शिरल्यावर जेवणाच्या रांगेकडे जातच नाहीत. रांगेत उभा राहणारा माणूस कसा तरी निभावून नेतो, असे त्यांचे म्हणणे. त्या आधी जिन्याखाली आणि भिंतीच्या कडेला, रांगेत न आलेल्यांकडे जातात. तेथे बहुधा एकटी आलेली स्त्री असते, जिला रुग्णाला सोडून हलता येत नाही, किंवा एखादा म्हातारा असतो, ज्याला जेवण फुकट आहे हेच समजलेले नसते. तसेच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांच्या आईवडिलांशी बोलताना त्या आजाराचे नाव मोठ्याने घेत नाहीत. हा आजार आईवडील दोघांकडून येतो हे गावात अर्धवट समजते आणि सगळा दोष आईवर ढकलला जातो, हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. म्हणून त्या नवऱ्यालाही समोर बसवून, दोघांची तपासणी का हवी हे एकदमच सांगतात.

निवृत्त_फिजिओ यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक गोष्टीपुढे कारणही लिहीत आहोत. काही ठिकाणी माईंना कारण विचारले असता त्यांनी बराच विचार करून, पूर्वी त्याला कारण होते आणि आता ते उरलेले नाही, असे सांगितले. ती कलमे गाळली. सणाच्या दिवसांचा उल्लेखही स्पष्टवक्ती ताईंचे वाचून काढून टाकला आणि त्या जागी पाळ्यांचे कोष्टक घातले. माईंच्या सूनबाईंनी ते कोष्टक पाहून, हे इतक्या वर्षांत कोणाला का सुचले नाही, असे विचारले. आमच्यापैकी कोणाजवळ त्याचे उत्तर नव्हते.

झाबुआचे मास्तर, आपल्याला एक विचारायचे आहे. आम्ही प्रत्येक कुटुंबाची नोंदवही सुरू करू इच्छितो, पण आमची काही मुले मोबाइलवर आधार कार्डाचे आणि पर्चीचे छायाचित्र काढून गटावर टाकतात, म्हणजे जो पाळीवर असेल त्याला लगेच कळावे. माईंना ते पसंत नाही, परंतु मुलांचे म्हणणे असे की त्यामुळे वेळ वाचतो. आपण काय कराल?

झाबुआचा_मास्तर

गटावर टाकू नये, माईंचे बरोबर आहे. आधार कार्ड आणि आजाराचे नाव एकाच छायाचित्रात, पन्नास माणसांच्या फोनवर, हे फार झाले. ज्याचा कागद आहे त्याला त्याची कल्पनाही नसते, आणि गट सोडून गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये ते तसेच पडून राहते.

वहीत एवढेच रकाने ठेवा. तारीख, माणसाने सांगितलेले नाव, गाव आणि फळिया, बरोबर कोण आहे, गावाकडे कोणाला फोन करावा, आज कोणते काम अडले आहे, ते कोणी अंगावर घेतले. आधाराचा क्रमांक लिहूच नका, कागद माणसाच्याच पिशवीत राहू द्या आणि खिडकीवर त्यालाच दाखवू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. आजाराचे नावही वहीत नको, ते डॉक्टरांच्या पर्चीवर आहेच. पाळी बदलताना फोनऐवजी वहीच हातोहात द्या, म्हणजे आधीचा आणि नंतरचा माणूस पाच मिनिटे तरी एकमेकांशी बोलतील. शेवटचा रकाना, म्हणजे काम कोणी अंगावर घेतले, तो कधीही रिकामा सोडू नका. आमच्याकडे बाबूजी दर शनिवारी फक्त तोच रकाना वाचत असत.

वहीच्या पहिल्या पानाचा नमुना माझ्याजवळ आहे. पुढच्या रविवारी सकाळी मी रामबागेत असेन, त्या मुलीला पाठवा, मी तो तिला उतरवून देईन.